कधी तापते ते आधी सांगा

एप्रिल उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला, गाडी तापते. पत्रात गाडीचा रंग असतो, कितव्या हाताची आहे ते असतं, मेव्हण्याने कशी गळ्यात मारली तेही असतं, पण नेमकी कधी तापते हे एका ओळीत लिहायचं राहून जातं. सिग्नलला उभी असताना तापते, की हायवेला ऐंशीच्या पुढे गेल्यावर, की सकाळी चालू केल्यावर दहा मिनिटांत, एवढं कळलं की अर्धं निदान पत्र वाचतानाच होतं, आणि नाही कळलं की मग मीही तुमच्या मेकॅनिकसारखाच, अंदाजपंचे. म्हणून या वेळी ज्यांनी हे नीट लिहिलंय त्यांचीच पत्रं घेतलीत. बाकीच्यांनी रागावू नका, परत लिहा.

प्रश्न (चिंचवड) : माझी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1,10,000 किलोमीटर झालेत. हायवेला काहीच त्रास नाही. पण मागच्या महिन्यात मुंबईहून परत येताना बोरघाटात जाम लागला आणि काटा एकदम वर गेला. त्यानंतर पुण्यातही सिग्नलला थांबलो की एसी गरम हवा मारतो, गाडी पळायला लागली की परत गार. मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. तुमच्याच पत्रात उत्तर आहे. हायवेला गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, फॅनची फारशी गरज पडत नाही. गाडी उभी राहिली की वारा बंद, मग सगळी भिस्त फॅनवर. म्हणजे पळताना ठीक आणि उभी असताना तापते, तर पहिला संशय फॅनवर घ्यायचा, रेडिएटरचा नंबर नंतर. आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेला असतो, तोही त्याच फॅनवर जगतो, म्हणून तुमचा एसी सिग्नलला मान टाकतो. पुढे काटा फारच चढला तर गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःहून एसीचा कॉम्प्रेसर तोडतो, इंजिनावरचा भार कमी करायला. लोक मात्र एसीत गॅस भरून येतात आणि दोन दिवसांनी परत तेच.

आता घरी काय बघायचं. गाडी सावलीत लावा, चालू करा, एसी लावा, बोनेट उघडा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात फॅन फिरायला लागला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच. बऱ्याच गाड्यांत फॅनचा आणि हॉर्नचा रिले सारखाच असतो, नंबर जुळत असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा, फॅन फिरला आणि हॉर्न मुका झाला तर चोर सापडला. तरी नाही फिरला तर गाडी बंद करून मोटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने हलकं ठोका आणि परत चालू करा, फिरायला लागला तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. आणि एसी लावल्यावर फिरत नाही पण काटा बराच वर गेल्यावर एकदम जोरात फिरतो असं असेल, तर दोन स्पीडच्या फॅनमधल्या हळू स्पीडचा रेझिस्टर जळालेला असतो. छोटासा पार्ट आहे, पण त्याच्यापायी लोकांनी अख्खे रेडिएटर बदललेले मी पाहिलेत. हे सगळं करताना हात, ओढणी, शर्टाची बाही फॅनपासून लांब, तो न सांगता चालू होतो.

फॅन फिरतोय म्हणजे काम करतोय असंही नाही बरं का. कराडला माझं गॅरेज होतं तेव्हा एक गाडी आली, दुसरीकडे नवीन मोटर बसवून आणलेली, फॅन भिंगरीसारखा फिरतोय आणि गाडी तरी तापतेय. दोन दिवस मीही डोकं खाजवलं. शेवटी जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरला, तो जाळीला चिकटायच्या ऐवजी बाहेर उडाला. वायर उलट्या जोडलेल्या, फॅन हवा आत ओढायच्या ऐवजी पुढे ढकलत होता! तेव्हापासून कागदाची टेस्ट मी पहिली करतो. कागद चिकटला पाहिजे.

हे सगळं ठीक निघालं तर मग कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बॅटरी मारून बघा. दहा वर्षांच्या गाडीत तिथे धूळ, किडे, कापसासारखा भुगा यांची गादी तयार झालेली असते, बाहेरून जाळी चकाचक दिसते आणि आत वाराच जात नाही. साध्या पाइपाने इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारायचं, वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा गन मारला तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतात आणि होता तेवढा वाराही बंद. ज्या दिवशी एवढं सगळं करूनही काटा चढेल त्या दिवशी रेडिएटरचं बोलू.

प्रश्न (बार्शी) : आमच्या गल्लीत सगळे बोअरचं पाणीच टाकतात. वडिलांच्या जीपला वीस वर्षं तेच होतं, काही झालं नाही. आता माझी गाडी गावात फिरताना नॉर्मल असते पण सोलापूर रोडला 90 च्या पुढे नेली की काटा चढतो, 60 वर आणली की उतरतो. कूलंट टाकलं तर फरक पडेल का? हिरवं, लाल, निळं यातलं कुठलं चांगलं?

उत्तर : तुमचं पहिल्या पत्राच्या बरोबर उलटं आहे. उभी असताना ठीक म्हणजे फॅन ठणठणीत. वेग वाढला की इंजिन जास्त उष्णता तयार करतं आणि ती वाहून न्यायला आत पाणी पुरेसं फिरत नाहीये, किंवा फिरतंय पण रेडिएटरच्या नळ्या चोक झाल्यात. बोअरचं पाणी ऐकल्यावर माझी पैज चोकवर. तुमच्या घरी पाणी तापवायचा बंब असेल तर त्याच्या आत हात घालून बघा, जो पांढरा खरखरीत थर असतो तोच क्षार गाडीच्या नळ्यांत बसतो, फक्त बंबाची नळी अंगठ्याएवढी आणि रेडिएटरची चपटी, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची.

वडिलांचं चुकलं नव्हतं. जुन्या जीपचं इंजिन ओतीव लोखंडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याच्या टाक्या काढून रॉडिंग करता यायचं, म्हणजे नळीतून सळई घालून गाळ काढायचा आणि परत डाग मारायचा. आताचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. रॉडिंग विसरा. आणि ॲल्युमिनियमला नुसतं खारट पाणी आतून खातं. कूलंटमध्ये गंज रोखणारी केमिकल्स असतात ती त्यासाठी. नुसतं उष्णता वाहून न्यायचं म्हटलं तर साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे हो, ते मान्य, पण ते लवकर उकळतं. 50-50 चं मिश्रण उघड्यावर 106-107 डिग्रीला उकळतं आणि 0.9 बारच्या झाकणाखाली 125 च्या आसपास. घाटात हाच फरक कामाला येतो.

झाकणावरून आठवलं, रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो, तो उगीच नाही. त्यातली स्प्रिंग ढिली पडली की प्रेशर टिकत नाही आणि पाणी कमी तापमानाला उकळून बाजूच्या जादा पाण्याच्या बाटलीत फेकलं जातं. त्यातच एक उलटा वॉल्व पण असतो, गाडी गार झाली की बाटलीतलं पाणी परत आत घेणारा. सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तर तो वॉल्व अडकलाय. रेडिएटर बदलायच्या आधी झाकण बदला, त्याच आकड्याचं, मोठ्या आकड्याचं "जास्त चांगलं" म्हणून नको.

तुमच्या गाडीसाठी : पाणी सोडून द्या, चांगलं फ्लशिंग करून घ्या, मग गाडी गरम करून बंद करा आणि रेडिएटरवर आडवा हात फिरवून बघा, किंवा कुणाकडे ती तापमान मोजायची गन असेल तर मारा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत आणि फ्लशिंगने जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता रेडिएटर नवीन. सोबत वॉटर पंप काढून त्याचा पंखा बघायला सांगा, बोअरच्या पाण्याने पाती झिजून बोथट झालेली असतात. खालचा होज मऊ पडला असेल तर तोही, जोरात रेस केल्यावर तो आत चिपकतो आणि पाणी अडतं.

रंगाचं म्हणाल तर रंगाला काही अर्थ नाही, प्रत्येक कंपनी आपापला रंग घालते. मॅन्युअलमध्ये कुठला प्रकार लिहिलाय तो बघा आणि दोन प्रकार एकत्र करू नका, काही काही वेळा त्याचा गाळ किंवा जेली होते. रेडी टू यूज आणलं असेल तर पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात तेच. आणि एक, कूलंट चवीला गोड असतं आणि जहाल विषारी असतं, उघडं पातेलं अंगणात ठेवून जाऊ नका, कुत्री आणि लहान पोरं, दोघांनाही गोड आवडतं.

प्रश्न (नाशिक) : सीएनजी किट बाहेरून बसवलेली गाडी आहे. दर आठवड्याला बाटलीतलं कूलंट थोडं कमी होतं, खाली थेंब दिसत नाही. कसारा घाट चढताना काटा वर जातो आणि गंमत म्हणजे बोनेट उघडलं तर किटच्या रेड्यूसरवर चक्क बर्फ! इंजिन तापलंय आणि त्याच्याच शेजारी बर्फ, हे कसं?

उत्तर : तुमचं पत्र मी दोन माणसांना वाचून दाखवलं, इतकं आवडलं. टाकीत गॅस 200 बारच्या प्रेशरला असतो, रेड्यूसर तो एकदम खाली आणतो, आणि प्रेशर पडलं की गॅस गारठतो. रेड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्याच्यातून फिरवलेलं असतं. त्यावर बर्फ आला म्हणजे तिथपर्यंत गरम पाणी पोचतच नाहीये. पाणी कमी झालंय किंवा लाइनमध्ये हवा अडकलीये. एकच दुखणं दोन्हीकडे दिसतंय, इंजिनाला पाणी कमी म्हणून ते तापतं आणि रेड्यूसरला पाणी नाही म्हणून तो गोठतो.

पाणी जातंय कुठे? किट बसवताना हीटरचे होज कापून त्यात टी जॉइंट घालतात, पहिली नजर तिथे. गरम इंजिनावर थेंब पडला की तिथल्या तिथे वाळतो, म्हणून जमिनीवर दिसत नाही, पण जॉइंटभोवती पांढरट किंवा रंगीत चट्टा राहतो. क्लिपा बदलायला फार खर्च नाही. मग पाणी भरून एअर काढून घ्या : गाडीचं तोंड चढाकडे, झाकण उघडं, गाडी गार असतानाच चालू करायची, हीटर फुल गरमवर, आणि थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व) उघडून वरचा होज गरम होईपर्यंत बुडबुडे येऊ द्यायचे, पाणी खाली जाईल तसं भरायचं.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. रेड्यूसरच्या आतलं सील फाटलं तर गॅस पाण्यात शिरतो आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, अगदी हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधलं पॅकिंग, गेल्यासारखे. मेकॅनिक हेड खोलायला निघालाच तर त्याला म्हणा, आधी गॅसच्या सिलिंडरचा वॉल्व बंद करून पेट्रोलवर चालवून बघू. पेट्रोलवर बुडबुडे थांबले तर हेडला हात लावायचा नाही, रेड्यूसर किटवाल्याकडेच दुरुस्त करायचा, गॅसची बाजू स्वतः खोलू नका.

प्रश्न (महाड) : वरंधा घाटात आमच्या गाडीचा लाल दिवा लागला. अहो म्हणाले इंजिन चालू ठेव, बंद केलं तर जाम होईल. माझा भाऊ म्हणाला लगेच बंद कर. दोघं भांडत असताना यांनी फडकं धरून झाकण उघडलं, वाफेचा फवारा उडाला, हात थोडक्यात वाचला. मग बाटलीतलं गार पाणी इंजिनावर ओतलं. गाडी घरी आली, पण बरोबर कोण होतं?

उत्तर : ताई, दिवा लागला तिथे भाऊ बरोबर. झाकण उघडण्यात आणि पाणी ओतण्यात कुणीच नाही.

काटा नुसता नेहमीपेक्षा थोडा वर असेल, वाफ नाही, दिवा नाही, तर बंद करायची घाई नको. एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल, काचा खाली. मे महिन्यात घाटात हीटर लावायचा म्हणजे शिक्षाच आहे, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो तुमच्या पायावर ओततो. गिअर खालचा टाका. तिसऱ्यावर कण्हत चढवण्यापेक्षा दुसऱ्यावर मोकळी चढवा, इंजिनावर ताण कमी आणि वॉटर पंप जोरात फिरतो. काटा उतरला तर हळूहळू पुढे.

पण लाल दिवा किंवा वाफ दिसली की कडेला घेऊन लगेच बंद. किल्ली परत ऑनला ठेवली तर काही गाड्यांत फॅन चालू राहतो, तो राहू द्या. आणि सगळ्यात घातक प्रकार सांगतो, काटा चढत चढत जातो आणि अचानक गारवर येऊन पडतो, लोकांना वाटतं सुटलो बुवा. तसं नसतं. पाणी इतकं संपलेलं असतं की सेन्सर हवेत लटकतोय आणि त्याला काही कळतच नाहीये. तिथून पुढे नेलेल्या गाडीचं हेड बहुतेक गेलेलंच असतं.

झाकणाचं : आत पाणी शंभरच्या वर असतं पण प्रेशरमुळे उकळत नाही, झाकण फिरवलं की प्रेशर सुटतं आणि सगळं एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. फडक्याने काही होत नाही. अर्धा-पाऊण तास थांबा, चहा घ्या, वरचा होज दाबून मऊ लागला तरच झाकण, तेही जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी म्हणजे गरम काचेच्या ग्लासात बर्फ, हेडला चीर जाऊ शकते. रेडिएटरमध्ये भरतानाही इंजिन कोमट झाल्यावर, चालू ठेवून, बारीक धारेने. घरी आलात हे नशीब, पण पुढचे काही आठवडे पाण्याची लेव्हल रोज सकाळी बघा. अहोंना सांगा मी विचारलं म्हणून.

प्रश्न (सांगली) : गाडी एकदा जोरात तापली होती. आता मेकॅनिक म्हणतो हेड गॅसकेट गेलं, इंजिन खोलायचं, साठ हजार. खोलल्याशिवाय खात्री करता येते का? डिझेल आहे. सकाळी पांढरा धूर येतो आणि पाणी कमी होतं.

उत्तर : येते, आणि करायलाच हवी. आधी का जातं ते समजून घ्या. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडापेक्षा साधारण दुप्पट पसरतं. हेड ॲल्युमिनियमचं, ते बोल्टांनी आवळलेलं, जास्त तापलं की त्याला पसरायला जागा नाही, मग ते वाकतं. बऱ्याच इंजिनांत 0.05 मिलिमीटरच्या पुढे वाकलं की गॅसकेट धरत नाही.

नुसता सकाळचा पांढरा धूर हा पुरावा नाही, डिसेंबरात सगळ्यांच्याच सायलेन्सरमधून वाफ येते. गाडी गरम झाल्यावरही पांढरा दाट, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तरी लगेच घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती थोडी येतेच. ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर कॉफीसारखं ऑइल दिसलं तर मात्र घाबरा. गार गाडी चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाण्यात शिरतंय, कारण पाणी तापायच्या आधी प्रेशर यायचं काही कारणच नाही.

यापुढे दोन टेस्ट गॅरेजात करून मागा. एक, निळ्या लिक्विडची ब्लॉक टेस्ट, रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून आतली हवा त्या लिक्विडमधून ओढतात, जळालेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. काही किटांत डिझेलला वेगळं लिक्विड असतं, ते विचारून घ्या, उगीच पेट्रोलचं वापरून "नाही निघालं" म्हणतील. दुसरी प्रेशर टेस्ट, हातपंपाने झाकणाच्या आकड्याएवढं प्रेशर भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा पडलेला आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर पाणी आत कुठेतरी जातंय.

पण आत म्हणजे हेडमध्येच असं नाही, आणि तुमची डिझेल आहे म्हणून हे मुद्दाम लिहितोय. ईजीआर कूलर, म्हणजे जळालेला गॅस परत इंजिनात सोडण्याआधी गार करणारा पार्ट, असेल तर तो आतून फुटला तरी पाणी कमी होतं आणि पांढराच धूर येतो, हेड मात्र शाबूत. त्याला बायपास करून परत बघायला सांगा. साठ हजारांआधी ही एक दुपार घालवायला हरकत नाही.

खोलायचंच ठरलं तर हेड लेथवाल्याकडे जाऊ द्या, स्ट्रेट एज आणि फिलर गेजने किती वाकलंय ते तुमच्या समोर मोजू दे, चीर आहे का ते प्रेशरने तपासू दे, मग फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. आणि हेड बोल्ट नवे. बऱ्याच इंजिनांत ते एकदाच आवळायचे असतात, जुने परत घातले की पाच हजार किलोमीटरवर परत तेच पत्र मला येतं. आणि मुळात गाडी का तापली होती ते शोधल्याशिवाय हेड बंद करू देऊ नका.

प्रश्न (रत्नागिरी) : मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाला आपल्या हवेत लागत नाही. ॲव्हरेज कमी झालंय, त्याचा संबंध आहे का?

उत्तर : आहे. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडतो, तोपर्यंत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून पाणी आतल्या आत फिरवतो. तो नसला की इंजिन गारच राहतं, ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच उघडताना बायपासचं, म्हणजे त्या आतल्या वाटेचं, तोंड बंद करतो तिथे तो काढला तर गरम पाणी रेडिएटरला चकवा देऊन परत इंजिनात, म्हणजे गाडी उलट जास्त तापू शकते. नवा बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडा, उघडताना डोळ्यांनी दिसतो. पातेलं स्वयंपाकाचं नको.

प्रश्न (ठाणे) : गाडी बंद केल्यावरही फॅन मिनिटभर फिरत राहतो. बिघाड आहे का? आणि माझ्या गाडीत टेम्परेचरचा काटाच नाही, मग कळणार कसं?

उत्तर : गरम गाडी बंद केल्यावर फिरत असेल तर बिघाड नाही, काही गाड्यांत तशीच सोय असते. सकाळी गार गाडी चालू केल्या केल्या, एसी न लावता, फॅन फुल स्पीडने सुटला तर मात्र सेन्सर किंवा त्याची वायर बघा. सेन्सरचा निरोप येईनासा झाला की बऱ्याच गाड्यांत ईसीएम धोका नको म्हणून फॅन सरळ चालूच ठेवतो. पावसाळ्याच्या तोंडाला आलेल्या अशा गाड्यांत मला तरी बहुतेक वेळा वायर उंदराने कुरतडलेलीच सापडलीये.

काटा नसलेल्या गाड्यांत निळा दिवा म्हणजे इंजिन अजून गार, लाल म्हणजे उशीर झालाय, मधलं काही सांगायला कुणी नाही. ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर कूलंटचा आकडा दाखवतो. 80 ते 100 च्या मध्ये खेळत असेल तर निवांत रहा, 105 ओलांडून चढतच राहिला तर कडेला घ्या. आठवडाभर बघितलंत की तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा पाठ होईल. तो लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी पत्रात मलाही कळवा.